सातवा रकाना

"दोनच पाकिटं. तिसरं परत ठेवा."

परीक्षित देशकर दचकला. कानाला लावलेल्या फोनवर नागपूरहून आई विचारत होती, वांग्याचं बी मिळालं का. "नंतर करतो गं," म्हणत त्याने फोन ठेवला आणि वळून पाहिलं. निळा रेनकोट, भिजलेल्या बटा, आणि नाकाच्या शेंड्यावर राग.

अमेरिकेतल्या बेलव्ह्यूच्या लायब्ररीत मार्चमधल्या त्या शनिवारी बियांचं टेबल मांडलं होतं. ज्याला हवं त्याने बी न्यायचं, पेरायचं, पीक आलं की थोडं बी परत आणून द्यायचं. नियम एकच, माणशी दोन पाकिटं. आणि हा नियम मोडला तर जगबुडी होईल, अशा आवाजात नेत्रा सबनीस बोलली होती.

"तुम्ही लायब्ररीत काम करता?"

"नाही."

"मग पोलीस?"

"वकील."

"त्यापेक्षा पोलीस परवडले," तो म्हणाला आणि तिसरं पाकीट त्याने तिच्या हातात ठेवलं. "हे तुमच्या नावावर. पेरू मात्र माझ्या वाफ्यात. आता झालं ना कायदेशीर?"

नेत्राला हसायचं नव्हतं. पण ती हसली, आणि मग जे व्हायचं ते झालंच.

शहराच्या सार्वजनिक बागेत परीक्षितने एक वाफा भाड्याने घेतला होता. दर रविवारी ती "माझं पाकीट कसं आहे" हे बघायला जाऊ लागली. मे अखेरीस त्याने वांग्याची रोपं बाहेर लावली, मधल्या ओळींत मेथी टाकली. बेलव्ह्यूची ती भुरभुर चालूच असायची, धड पाऊस नाही की धड ऊन नाही. तिच्या गालाला माती लागली की तो म्हणायचा, "थांब..." आणि बोटं चिखलाची म्हणून मनगटाच्या मागच्या बाजूने हलकेच पुसायचा. पुढच्या रविवारी गालाला माती कशी लागेल याची काळजी नेत्रा स्वतःच घ्यायची!

फक्त एक विषय दोघांनीही वर्ज्य केला होता.

"तू नक्की काय काम करतोस रे?"

"आकडे. पुढचं सांगता येत नाही, एनडीए साइन केलाय, गुप्ततेचा करार. तू?"

"कायद्याचे मसुदे. क्लायंटचं नाव नाही सांगू शकत."

आपल्या तोंडाला कुलूप आहे याचा दोघांना केवढा अभिमान! इतर जोडपी पहिल्या कॉफीत एकमेकांच्या पगारापर्यंत पोचतात. ही दोघं अडीच महिने रोपांना पाणी जास्त झालं की कमी, यावर भांडत राहिली. प्रेमात मात्र नेत्रा पडली होती, अगदी आकंठ. आपण पडलोय हे तिला ठाऊक होतं. बोलत कोणीच नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या मंगळवारी ते कुलूप उघडलं.

नेत्राची संस्था लहान, सहा माणसांची. आफ्रिकेतल्या शेतकरी संघटनांना कायदे लिहायला आणि सरकारदरबारी मांडायला ती मदत करायची. त्या वर्षी एका देशाच्या संसदेत बियाण्यांचं विधेयक आलं होतं. देशाचं नाव ऑफिसबाहेर काढायचं नाही असा नेत्राचा दंडक होता, तेव्हा आपणही ते काढू नये. त्या विधेयकातलं चौदावं कलम नेत्राने लिहिलं होतं. शेतकऱ्याने आपल्या पिकातलं बी राखावं, शेजाऱ्याला द्यावं, गावच्या बाजारात विकावं, हा त्याचा हक्क, एवढंच ते कलम सांगत होतं. संस्थेची प्रमुख ग्रेस त्याच देशातली. तिची आई आजही बाजारात बसून चवळीचं आणि भोपळ्याचं बी मूठमूठ विकायची. कलम उडालं तर म्हातारीचा तो धंदा गुन्हा ठरणार होता.

गुरुवारी संसदेच्या समितीपुढे ऑनलाइन सुनावणी होती आणि साक्ष नेत्राची होती. मंगळवारी सकाळी विरुद्ध बाजूचा अहवाल आला. एका बियाणे कंपनीने तो करून घेतला होता. फक्त कंपन्यांचं प्रमाणित बी सक्तीचं केलं तर उत्पादन चाळीस टक्के वाढेल, असं त्यात छातीठोकपणे म्हटलं होतं. नेत्राने पान उलटलं. खाली लेखकाचं नाव होतं.

परीक्षित देशकर, बेलव्ह्यू.

तिने नाव तीनदा वाचलं, जणू चौथ्यांदा ते बदलणार होतं.

"ओळखतेस?" ग्रेसने विचारलं.

नेत्राने सगळं सांगून टाकलं. वांगी, मेथी, माती. ग्रेसने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिने साक्षीदाराचा फॉर्म पुढे सरकवला. सातवा रकाना असा होता: विरुद्ध बाजूच्या कोणाही व्यक्तीशी आपलं नातं असल्यास त्याचं स्वरूप लिहावं.

"खोटं लिहिलंस आणि उघडकीला आलं, तर तुझ्याबरोबर आमची सगळी बाजू बुडेल," ग्रेस म्हणाली. "खरं लिहिलंस तर कदाचित तुला बोलूच देणार नाहीत. तरी खरंच लिही. उद्या दुपारपर्यंत पाठवायचाय."

"पण खरं काय आहे, तेच..."

"ते मला नको विचारूस बाई."

बुधवारी सकाळी आठला तिने त्याला बागेत बोलावलं. तो हसत आला, हातात दोन कॉफ्या होत्या. तिने हात पुढे केलाच नाही.

"चाळीस टक्के," ती म्हणाली. "कलम चौदा."

कॉफ्या त्याने कट्ट्यावर ठेवल्या. "तू... तू त्या बाजूला आहेस?"

"त्या बाजूला तू आहेस!"

"नेत्रा, ऐक. तो आकडा मी तसा... माझ्या मॉडेलमध्ये आधी—"

"नाही!" तिने त्याच्या तोंडावर हात दाबला. "एक शब्द बोलू नकोस. तू आतलं काही सांगितलंस आणि मी ते वापरलं, तर उद्या माझी साक्ष बाद. नाही वापरलं, तर माहीत असून गप्प बसले म्हणून मी जन्मभर स्वतःला खात राहीन. मला माहीतच नको."

त्याने तिचा हात हळूच बाजूला केला. सोडला मात्र नाही.

"मग मी काय करू यार? रात्र-रात्र झोप नाही मला. उद्या मलाही ऑनलाइन बसवणारेत. आणि कोणी डायरेक्ट विचारलं तर?"

"मी तुझी वकील नाही. हे तू मला विचारू शकत नाहीस."

"बरं. वकील नाहीस." त्याचा आवाज एकदम खाली आला. "मग कोण आहेस तू माझी?"

भुरभुर दोघांच्याही केसांवर साचत होती. नेत्राने हात सोडवून घेतला.

"तेच मला बारा वाजेपर्यंत लिहून द्यायचंय," ती म्हणाली आणि मागे न बघता गाडीकडे चालू लागली. रडू येतंय हे त्याला दिसू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

सातव्या रकान्यात तिने आधी "परिचय" लिहिलं. खोडलं. "मैत्री" लिहिलं. तेही खोडलं. पावणेबारा झाले. मसुदे लिहून पोट भरणारी बाई ती, एका शब्दासाठी एवढी कधी अडली नव्हती. शेवटी तिने तीन छोटी वाक्यं लिहिली, डोळे मिटले आणि फॉर्म पाठवून दिला. असे फॉर्म फायलीत जातात आणि तिथेच झोपतात, हा तिचा इथला अनुभव होता.

तिथली रीत निराळी होती.

गुरुवारी सकाळी सातला ऑफिसातल्या स्क्रीनवर समिती उगवली. चौकटींच्या खालच्या ओळीत परीक्षित होता, टाय घातलेला, दाढी न केलेला. अध्यक्ष वयस्कर गृहस्थ. त्यांनी चष्मा पुसला, घसा खाकरला आणि म्हणाले, "आमच्या प्रथेप्रमाणे साक्षीआधी साक्षीदाराचं निवेदन मोठ्याने वाचलं जाईल."

नेत्राने दचकून ग्रेसकडे पाहिलं. ग्रेस छताकडे बघत होती.

"सातवा रकाना," अध्यक्ष सावकाश, एकेका शब्दाला न्याय देत वाचू लागले. "विरुद्ध बाजूच्या अहवालाचे लेखक श्री. देशकर यांच्यावर माझं प्रेम आहे. मी त्यांना ते सांगितलेलं नाही. त्यांच्याकडून मला या प्रकरणाची कोणतीही माहिती मिळालेली नाही."

समितीत कोणीतरी बाक वाजवला. कोणी हसलं. कंपनीचा वकील मात्र उसळून उभा राहिला. "अध्यक्ष महोदय, ही साक्ष आताच्या आता बाद व्हावी!"

आपल्या तीन वाक्यांनी ग्रेसच्या आईचं बी गेलं, असंच नेत्राला वाटलं.

"बाईंनी काही लपवलेलं नाही," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या लेखकांच्या फॉर्ममध्ये त्या रकान्यात 'काही नाही' असं आहे. श्री. देशकर?"

परीक्षितने माइक चालू केला.

"सर, तो फॉर्म मी सोमवारी भरला होता. तेव्हा या साक्षीदार आहेत हे मला माहीत नव्हतं. कृपया दुरुस्ती करून घ्या."

"काय लिहू?"

"त्यांनी लिहिलंय तेच. फक्त 'सांगितलेलं नाही' हे वाक्य कापा, सर. आता सांगतोय."

या खेपेला बाक बराच वेळ वाजले. दोन्ही बाजू उघड झाल्या, तेव्हा दोघांचंही ऐकून घेऊ, असं अध्यक्षांनी ठरवलं.

नेत्रा सात मिनिटं बोलली. आवाज पहिल्या मिनिटाला कापला, पुढे कापला नाही. मक्याच्या ओळींत चवळी, भुईमूग आणि भोपळा लावणाऱ्या बायकांबद्दल ती बोलली. त्या मिश्र पिकांवर त्या जमिनीचा कस कसा टिकून आहे, तेही तिने मांडलं. शेवटी म्हणाली, "अहवालाने शेतातली किती पिकं मोजली, एवढं समितीने जरूर विचारावं."

एका सदस्येने लगेच विचारलं. परीक्षित शपथेवर होता. नेत्राने टेबलाची कड घट्ट धरली.

"एक," तो म्हणाला. "फक्त मका. माझ्या मूळ मॉडेलमध्ये चारही पिकं होती. अंतिम अहवालातून बाकीची तीन काढायला लावली."

"आणि मोजली असती तर?"

"तर शेतकऱ्याच्या स्वतःच्या बियांचं शेत मागे पडत नाही, मॅडम. दुष्काळी वर्षात ते पुढे—"

त्याची चौकट काळी झाली. कंपनीच्या बाजूने कोणीतरी त्याचं कनेक्शन कापून टाकलं होतं.

नऊ वाजता मतदान झालं. सात विरुद्ध पाच. कलम चौदा राहिलं. ग्रेस आईला फोन लावून हसत-रडत बोलत सुटली, आणि नेत्रा पार्किंगमध्ये धावली, कारण खालून मेसेज आला होता: "आलोय."

"नोकरीवरून काढलं," परीक्षित गाडीला टेकून म्हणाला. "साडेआठला ईमेल आला. आता व्हिसाप्रमाणे इथे साठ दिवस. त्यात दुसरा जॉब मिळाला तर ठीक, नाहीतर नागपूर."

"माझ्यामुळे..." आता ती उघड रडत होती.

"तुझ्यामुळे कसं? तू तर माझं तोंड दाबलं होतंस." तो हसला, पण हसू अर्धंच आलं. "मॅडमनी विचारलं तेव्हा खूप भीती वाटली गं. व्हिसाची नाही. मी खोटं बोललो तर तू परत बागेत येशील की नाही, याची."

नेत्राने डोळे पुसले. "मी पुण्यात तीन वर्षं प्रॅक्टिस केलीये, माहितीये? माझी सनद अजून चालू आहे."

"मग?"

"मग काय! नागपूरला हायकोर्टाचं खंडपीठ आहे."

तो तिच्याकडे बघतच राहिला. वरच्या काचेतून ग्रेससकट सगळं ऑफिस खाली डोकावत होतं. ते नेत्राला स्पष्ट दिसत होतं. तरीही तिने त्याचा हात धरला, आणि धरूनच ठेवला.