बारा नंबरची गाडी

सूर्यभान पुण्याला कामाला होता. मोटारसायकल त्याने तिकडेच घेतली, म्हणून पाटीवर एमएच बारा. पुढे ती गावी आणून ठेवली. तो रेल्वेने यायचा, तेव्हा धाकटा योगीराज ती घेऊन चुडाव्याच्या स्टेशनाबाहेर थांबायचा. तिथल्या साऱ्या गाड्या परभणीच्या, बावीसच्या. त्यांत ही एकटी बारा. सूर्यभान लांबूनच ओळखायचा. "सरक मागं, पुणेकर आला," म्हणत हँडल धरायचा.

या दिवाळीला येता येता तो रेल्वेतून पडून गेला.

तेरावं झालं, तरी तो आकडा दिसला की योगीराज तोंड फिरवायचा. एके दिवशी त्याने पाटी उचकटली, पूर्णा नदीत भिरकावली आणि बावीसची बसवून घेतली.

पुढे एका दुपारी तो स्टेशनाजवळ सिताराममामांच्या टपरीवर चहाला थांबला. मामांनी चहा दिला आणि गाडीच्या पाटीकडे पाहिलं.

"योग्या... तुजा भाऊ यायलाय इथं. सांजच्या गाडीला."

"चेष्टा करायलाव का, मामा?"

"मेल्याची चेष्टा कोन करंल बाबा? समद्या पाट्या बघत हिंडतो. मला म्हनला, मामा, आमची बारा नंबर दिसंना... मग रुळाकडं माघारी जातो."

योगीराजला रडू आवरेना. दादा घराच्या इतका जवळ येत होता, आणि त्याची खूण यानेच बुडवली होती. त्याने धावत जाऊन रंग आणला. पाटी पांढरी करून काळ्या रंगात लिहिलं, एमएच बारा.

"फुडचा नंबर?"

"आठवंना, मामा."

"निस्तं बारा म्हंजी अख्खं पुनं आलं की रे. ह्या रुळावर काय तुजा एकटाच भाऊ गेलाय का..."

पण भोंगा वाजला होता.

उतारू पांगले. अंधारून आलं. योगीराज मागच्या बाजूला सरकून बसला, हँडल दादासाठी मोकळं सोडून. ओल्या लोखंडाचा वास आला. मग गाडी दबली... त्याच्याही मागे.

"दमलास का दादा?" म्हणत तो पुढे सरकला आणि गाडी सुरू केली. वाटभर तो बोलत राहिला. माय जेवत नाही, म्हणाला. पाटीची चूक झाली, म्हणाला. खांद्यावर गार कपाळ टेकलेलं होतं.

माय रुख्मिणी दारातच होती.

"माय, दादाला आणलंय."

तिने त्याच्या मागे पाहिलं. हळूच पदर डोक्यावर ओढला, परक्या पुरुषापुढे ओढतात तसा.

"योग्या... हे पाव्हणे कोन?"

गाडी हलकी झाली. आणि आतून, सूर्यभानच्या खोलीची कडी लागल्याचा आवाज आला.