चाळणरावांचं ताट

"बाथरूममध्ये वाळू!" शेपूट ओरडला. "सहाव्या मजल्यावर! मी चाटून पण बघितली. खारट आहे!"

"सुट्टीभर काय काय चाटणार आहेस?" ठमी म्हणाली, पण वाकून तिनंही बोट टेकवलं. जाळीपाशी खरंच पांढरे कण अडकले होते.

शेपूट म्हणजे ठमीचा धाकटा भाऊ. कायम तिच्या मागे, म्हणून शेपूट. काकांचा मुलगा ढापण्या चष्मा नसेल तर भिंतीलाही नमस्कार करायचा. तिघांची सुट्टी काकांच्या घरी चालली होती आणि या घरात खारट वाळू एकाच ठिकाणी होती: दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत.

टाकी म्हणजे काकांचा जीव की प्राण. प्रवाळाचे जांभळे झुपके, वरच्या वर मिरवणारे लठ्ठ निळे मासे आणि तळाशी चाळणराव. हा मासा तोंडभर वाळू घ्यायचा, चघळायचा आणि कल्ल्यांतून भुरभुर खाली सोडायचा. दिवसभर हेच. दुकानदार त्याला गोबी म्हणायचा, त्यावर शेपटानं "म्हणजे भाजी?" असं विचारून झालं होतं.

हसण्यासारखं एवढंच होतं. चाळणरावांचं पोट पार खपाटीला गेलं होतं, कुणी दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबून धरल्यासारखं.

"काका, हा आजारी आहे का हो?"

"छे! कामसू आहे. कामसू माणूस सडपातळच असतो." काकांनी स्वतःच्या पोटावरून हात फिरवला. "याच्या आधीचे दोघंही असेच सडपातळ होते."

"ते कुठे गेले?"

"गेले," काका म्हणाले आणि पेपर जरा वर धरला.

"पण तुम्ही त्याला खायला काय घालता?"

"काही नाही! दुकानदारानं घेतानाच सांगितलं, हा मासा वाळू साफ करतो. कामाला ठेवलाय त्याला, पाहुणा म्हणून नाही!"

ठमीनं गुपचूप माशांचे दाणे टाकले. निळ्यांनी ते वरच्या वर फस्त केले. खाली एक दाणाही पोचला नाही. चाळणराव रिकामी वाळू चाळत राहिले.

दुपारी जेवताना काकू कौतुकानं म्हणाल्या, "वा शेपटा! ताट अगदी साफ केलंस की!"

ठमीचा घास हातातच राहिला.

"ढापण्या! यानं ताट साफ केलं, म्हणजे काय केलं?"

"जेवला. घासलं थोडंच!"

"मग मासा वाळू साफ करतो, म्हणजे?"

ढापण्यानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं आई गं! वाळू त्याचं ताट आहे!"

तिघांनी काचेला भिंग लावलं. वाळूत काहीच नव्हतं. हलणारं, सरपटणारं, काही म्हणजे काही नाही. मग तिघं दुकानात धावले. तिथल्या टाकीतली वाळू नुसती वळवळत होती! दोऱ्यासारख्या अळ्या, टाचणीच्या टोकाएवढे किडे!

"मी बरोबरच सांगितलं होतं," दुकानदार म्हणाला. "किडे खाऊन वाळू साफ करतो. तुमच्या काकांनी पुढे विचारलं नाही, मी पुढे सांगितलं नाही."

"पण त्यांचे दोन मासे मेले!"

"म्हणून तर तिसरा नेला ना!" तो म्हणाला. धंदा कसा सरळ चालला होता!

"आम्हाला तुमची जुनी वाळू द्याल? न धुतलेली?"

"घाण वाळू? पिशवी भरून न्या!"

घरी परतले तर बाथरूममधून शीळ ऐकू येत होती. दाराच्या फटीतून ठमीनं पाहिलं. काका बादलीतल्या टाकीच्या वाळूवर गीझरचं कढत पाणी ओतत होते आणि शीळ घालत वाळू चोळत होते!

"काका! हे काय करताय?"

"तुम्ही पाहिलंत होय?" काका लाजले. "रोज थोडी थोडी धुऊन ठेवतो. बिचाऱ्यावर कामाचा ताण नको."

"अहो, त्यातले किडेच त्याचं जेवण आहे! तुम्ही मारून टाकताय ते!"

"किडे? माझ्या टाकीत?" काकांचा चेहरा पडला. "बरं झालं सांगितलंस. उद्यापासून दोनदा धुतो!"

ठमीला रडूच फुटलं. मोठ्या माणसांना खरं सांगून उपयोग नसतो, असं ढापण्याचं मत होतं. आज ते तिला पटलं.

"आता त्यांना सांगायचंच नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "शेपटा, तू आजारी आहेस."

"मी? कधीपासून?"

"आत्तापासून. पळ!"

थोड्या वेळानं काका दिवाणखान्यातून पुन्हा बादली भरायला उठले, तोच शेपटानं बाथरूम गाठून आतून कडी लावली. "काका, पोटात कळ येतेय! मोठ्ठी!" काका दाराबाहेर अडकले. इकडे ढापण्यानं टाकीचं झाकण उचललं आणि ठमीनं बशीतून ती जिवंत वाळू अलगद तळाशी सोडली, चाळणरावांच्या अगदी पुढ्यात.

चाळणराव पुढे सरकले. त्यांनी तोंड भरून घास घेतला.

"घेतला! घेतला!" ढापण्या नाचायला लागला.

पण चाळणराव चघळेनात. कल्ले उघडेनात. घास तसाच धरून ते बसून राहिले. मग हळूच एका कुशीवर कलले आणि पुन्हा सरळ झालेच नाहीत.

काका आले. ठमीनं नुसतं भिंग पुढे केलं. वाळू वळवळत होती. काका बराच वेळ वाकून बघत राहिले.

संध्याकाळपर्यंत बातमी मजलाभर झाली. "मोठ्यांना जे कळलं नाही ते पोरांनी शोधून काढलं!" असं म्हणत शेजारच्या आजोबांनी तिघांची पाठ थोपटली. काकूंनी ठमीची दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. दुकानदारानंही फोन करून शाबासकी दिली आणि विचारलं, "मग चौथा पाठवू का?"

काकांनी फोन ठेवला. ते ठमीशेजारी जमिनीवर बसले. या घरात काकांना जमिनीवर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"हुशार आहेस गं पोरी," ते म्हणाले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "शेवटी खाल्लं का गं त्यानं काही?"

"तोंडात घेतलं होतं," ठमी म्हणाली.