गोठ्याला खारं पाणी

कळंबच्या किनाऱ्याला त्या सकाळी जे लाकूड लागलं होतं ते केवढं होतं म्हणाल, तर निर्मळचे लोक सांगतात होडीएवढं आणि गासचे लोक सांगतात बैलाएवढं. आपण मधलं काहीतरी धरून चालू. काळंभोर, वाकडं, लाटांनी घासून गुळगुळीत झालेलं. आणि त्याच्यावर पाय सोडून बसलेली रोवेना तुस्कानो... एका हातात करवत, एका डोळ्याला भिंग.

रोवेना निर्मळच्या केळीवाल्या तुस्कानोंची धाकटी. विरारच्या कॉलेजात ती समुद्री बुरशीवर पीएच.डी. करत होती. पावाला बुरशी लागते, केळीला लागते, पण समुद्राला कशी लागेल, हे तिच्या वडलांना चार वर्षांत पटलं नव्हतं. ती समजावायची, की समुद्रात लाकूड पडतं, ते कुजवायला तिथंही कुणीतरी लागतंच ना.

तर भिंगातून बघता बघता तिच्याखालचं लाकूड सरकलं.

तिनं वळून पाहिलं. लाकडाच्या दुसऱ्या टोकाला दोर बांधून एक उंच तरुण तो दोर स्कूटरला अडकवत होता.

"मॅडम, उतरताय? की तुम्हालाही गासपर्यंत सोडू?"

"हे लाकूड मला सापडलंय."

"मला काल सापडलं. खडूनं नाव घालून ठेवलंय मी. घोन्साल्विस."

"कुठाय?"

तो वाकला, या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं. मध्ये एक भरती येऊन गेली होती. सगळ्या घोन्साल्विसमधला शेवटचा ‘स’ तेवढा पुसट उरला होता.

"मग तेवढा ‘स’ तुमचा," रोवेना म्हणाली. "तो न्या."

क्लिफर्ड घोन्साल्विस हसला. नालासोपाऱ्याच्या शाळेत तो चित्रकला शिकवायचा आणि नाताळ जवळ आला की गासमधल्या त्यांच्या आळीचा येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा उभारायचा. गोठ्यांच्या स्पर्धेत तीन वर्षं त्याचा दुसरा नंबर येत होता. यंदा बाळ येशूच्या डोक्यावर हेच वाकडं लाकूड आढं म्हणून टाकायचं, असं त्यानं मनात पक्कं केलं होतं.

शेवटी समझोता झाला. तिनं एक फोड कापून घ्यायची, बाकीचं त्याचं. ती कापत होती, तो गुडघ्यानं लाकूड दाबून धरत होता आणि लाकडाकडे सोडून सगळीकडे बघत होता. निघताना त्यानं खिशातला रुमाल पुढे केला. "भुवईवर भुसा आहे... तुमच्या." तिनं पुसला. रुमाल चित्रकलेच्या मास्तरचा. दुपारी प्रयोगशाळेत तिच्या गाईड मॅडमनी विचारलं, की डावी भुवई निळी का?

त्या फोडीच्या ढलप्यांमधून काचेच्या बशीत एक बुरशी वाढली. पांढरी, मऊ, नुसते धागे. रोवेनानं तिची जनुकं तपासायला पाठवली. अहवाल आला तो वाचून ती खुर्चीतून उठली आणि परत बसली. आजवर नोंदलेल्या कुठल्याच बुरशीशी ती जुळत नव्हती. चार वर्षांत रोवेनानं चाळीस बुरश्या ओळखल्या होत्या, पण सगळ्या दुसऱ्या कुणीतरी नाव दिलेल्या. ही पहिलीच, जी जगात कुणाला माहीत नव्हती.

"जनुकं म्हणतात नवी आहे," मॅडम म्हणाल्या. "पण दिसते कशी? फळ कसलं, बीजाणू कसले? रूप दाखव. नुसत्या धाग्यांवर मी नाव देऊ द्यायची नाही."

खरी पंचाईत तिथंच होती. बशीत ती फळायला तयार नव्हती. ती फळणार लाकडावर, तेही खाऱ्या ओलाव्यात. फोडीचे तर ढलपे होऊन संपलेले, आणि प्रबंध जानेवारीअखेर द्यायचा.

रोवेना गासला पोचली तेव्हा ते लाकूड आढ्यावर चढलं होतं. खाली पाळणा, भोवती ट्रेमध्ये पेरलेली हिरवीगार नाचणी. आणखी एक फोड मिळेल का, असं तिनं चाचरत विचारलं.

"आता?" क्लिफर्ड स्टुलावरून म्हणाला. "योसेफबाबांच्या डोक्यात छप्पर पडेल. परीक्षक सव्वीसला येणार. सहा जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, गोठा मोडला की अख्खं घेऊन जा. तोवर कुणी बोट लावायचं नाही."

तोवर लाकूड वाळून कोरडंठाक होणार, आतली बुरशी मरणार. रोवेना मान खाली घालून निघाली. निर्मळच्या वळणावर मात्र तिला सुचलं, की बोट लावायचं नाही ना? फवाऱ्याला बोट कुठं असतं?

दुसऱ्या दिवसापासून, क्लिफर्ड शाळेत गेला की, ती वडलांचा केळीच्या फवारणीचा हातपंप धुऊन, त्यात कळंबचं समुद्राचं पाणी भरून हजर. आढ्यावर फुस्स, फुस्स, आणि पसार.

पण गोठ्यापाशी दुपारी माळ जपत बसायची क्लिफर्डची सालोमीआत्या. तिला वाटलं, निर्मळची ही पोर पवित्र पाणी शिंपडायला येते. केवढी भाविक. तिनं सरळ गुडघा पुढे केला. "बाय, इथं पण थोडं मार." रोवेनानं मारलं. खोटं वाटेल, पण चौथ्या दिवशी सालोमीआत्या काठी गोठ्यातच विसरून चालत घरी गेली.

इकडे आढ्याखालची नाचणी पिवळी पडू लागली. हे काम स्पर्धेतल्या होळी गावच्या गोठेवाल्यांचं, असं क्लिफर्डनं ठरवून टाकलं आणि अर्धी रजा टाकून तो मांडवाच्या कापडामागे दबा धरून बसला. दोन वाजता होळीकरांच्या ऐवजी आली रोवेना.

"काय आहे त्या पंपात?" तो एकदम समोर आला.

"समुद्र," ती म्हणाली.

"समुद्र?"

"कळंबचा. आजचाच आहे... ताजा."

त्यानं नाचणीकडे बोट दाखवलं. तेव्हा कुठं तिनं पहिल्यांदा खाली पाहिलं. रोज तिची नजर आढ्यावरच असायची.

"केळीच्या वाडीत वाढलीस ना तू? खारं पाणी नाचणीला काय करतं, तुला सांगायला हवं?"

रागाच्या भरात तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आला होता. दोघांच्याही ते नंतर लक्षात आलं. रोवेनानं सगळं सांगून टाकलं... जनुकं, रूप, मॅडम, जानेवारी. "मी परत पेरून देते," ती शेवटी म्हणाली.

"चार दिवसांत उगवेल?"

"नाही."

त्यानं वर त्या लाकडाकडे एकदा पाहिलं. मग इतकंच म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस."

दुसऱ्या दिवसापासून ती गासला गेली नाही. बुरशी बिननावाची राहणार आता, असं मनाशी म्हणत तिनं तीन दिवस घरात करंज्या तळल्या. त्यातल्या निम्म्या जळल्या. नाताळच्या दुपारी तिच्यानं राहवेना. सालोमीआत्याला करंज्यांचा डबा द्यायचा म्हणून ती गासला गेली, आणि मांडवाच्या तोंडाशी थबकली.

नाचणी गेली होती. तिथं आता वाळू होती, शिंपले होते, मिठागरांचे चौकोन, खाडी, काड्यांवर वाळत घातलेली बोटभर जाळी. बाळ येशू किनाऱ्यावरच्या झोपडीत जन्माला आला होता. आणि वरच्या आढ्यावरून थेंब थेंब पाणी गळत होतं.

तिनं हळूच एक थेंब बोटावर घेतला. जिभेला लावला.

खारट.

"बोट लावायचं नाही असं ठरलं होतं," मागून आवाज आला.

क्लिफर्डच्या स्कूटरला दोन्ही बाजूंनी पाण्याचे कॅन बांधलेले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली, पायाला वाळू. रोज सकाळी तो कळंबहून पाणी आणत होता.

"भिंग आणलंयस?" त्यानं विचारलं. "पाळण्याच्या बरोब्बर वर, डावीकडे. खसखशीएवढे काळे ठिपके आहेत. काल सात होते, आज अकरा. तेच ना तुझ्या बुरशीचं फळ? की मी उगाच भलतंच मोजतोय?"

रोवेनानं भिंग लावलं. बराच वेळ काढला नाही. ठिपके दिसायला एवढा वेळ लागत नाही, पण डोळे पुसायला लागतो.

सव्वीसला परीक्षक फादरांच्या झग्यावर आढं गळलं आणि गोठ्याचा तिसरा नंबर आला. सालोमीआत्याची काठी योसेफबाबांच्या हातात दिलेली होती, ती तिनं अजून परत मागितलेली नाही.

तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी प्रयोगशाळेत रोवेनानं एक ठिपका फोडून काचेवर ठेवला, वर समुद्राच्या पाण्याचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकापाशी क्लिफर्डला बसवलं. रूप रेखाटायला चित्रकार लागतोच. त्यानं डोळा लावला. एकेका बीजाणूत दोन पेशी, पाठीला पाठ लावून बसलेल्या. मग पाणी लागताच दोन्ही टोकांनी, रिळावरचा दोरा सुटावा तसे बारीक धागे उलगडत गेले.

"हे कशाला?" त्यानं डोळा न काढता विचारलं.

"वाहता वाहता बरं लाकूड दिसलं की अडकायला."

"म्हणजे माझ्या स्कूटरचा दोर."

"चित्र काढ."

त्यानं काढलं. मग पेन्सिल कानामागे खोचत म्हणाला, "माझंही वर्गीकरण करून टाक. वरून बघून काय वाटतं?"

"वरून बरा दिसतोस. कान लवकर लाल होतात. पण आमच्यात नुसत्या रूपावर भागत नाही."

"मग आतलं तपास."

"वेळ लागतो त्याला."

"मी कुठं घाईत आहे..."

ठिपक्यांची जनुकं बशीतल्या धाग्यांशी तंतोतंत जुळली. आता मॅडमचीही ना नव्हती. राहिलं फक्त नाव.

नाव कुणाचं लागणार, हे सालोमीआत्यानं अख्ख्या गासला आधीच सांगितलं होतं. क्लिफर्ड वरवर नाही नाही म्हणायचा. जानेवारी सरता सरता एका संध्याकाळी रोवेना कागद घेऊन आली, तेव्हा अंगणात उरलेल्या त्याच लाकडावर तो शाळेचे कागद तपासत बसला होता. त्यानं नाव वाचलं. ‘गोठ्यात राहणारी’ अशा अर्थाचा लॅटिन शब्द होता.

"छान आहे," तो म्हणाला. कान लाल झाले होते.

"तुला घोन्साल्विस वाटलं होतं?"

"मला काही नाही... आत्याला वाटत होतं."

"मॅडमनीही विचारलं. आपलं स्वतःचं नाव द्यायची आमच्यात रीत नाही, दुसऱ्याचं देता येतं. पण मी म्हटलं, ते नको."

"का?"

रोवेनानं त्याच्या खिशातला खडू काढून घेतला. लाकडावरचे कागद बाजूला सारले, वाकली, आणि सावकाश, एकेक अक्षर जपत लिहिलं — रोवेना घोन्साल्विस.

"ते मला लागणार आहे," ती म्हणाली. मग खडू परत देत, "इथं भरती येत नाही ना?"

"गासला?" क्लिफर्ड म्हणाला. "नाही."

"मग राहू दे."