नवमीचे पहिले हत्यार

आश्विनातल्या त्या खंडेनवमीच्या पहाटे जांभेरगडाच्या पायथ्याशी धुके इतके दाटले होते की काळवती नदीचा नुसता आवाज येत होता, पाणी दिसत नव्हते. पूर्वेला पातशाही मुलूख, पश्चिमेला फिरंग्यांची किनारपट्टी, आणि दोहोंच्या मध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखे सापडलेले चौदा गावांचे जांभेरखोरे; दोनशे वर्षे कधी याच्यापुढे तर कधी त्याच्यापुढे वाकून मार मात्र दोघांचाही खाल्लेले हे खोरे आता चौदा महिने कोणाचेच ताबेदार नव्हते. त्याला स्वतःचे निशाण होते, स्वतःचा शिक्का होता आणि गडावर स्वतःची सदर भरत होती.

घाटाची वाट जिथे गडाला भिडते तिथला दरवाजा सिदोजी नाईकांच्या ताब्यात होता. पंचावन्न उलटलेले, अंगाने आडवे, रागाने त्याहून आडवे असे हे नाईक त्या पहाटे दरवाजाशी उभे होते, आणि दरवाजाचा सागवानी अडसर भिंतीला टेकवून ठेवलेला होता.

“धनी, अडसर घालू का?” पहारेकरी धाकूने विचारले.

“राहू दे. मी बघतो.”

“पर आज नवमी हाय, धनी. हत्यारं समदी वर देवळात. काठीवर पहारा द्यायचा, तर दार तरी—”

“राहू दे म्हटलं ना!”

धाकू काठी घेऊन पहाऱ्याच्या जागी गेला. नाईकांच्या कमरेच्या शेल्यात तीन आठवड्यांपासून एक अंगठी गाठ मारून ठेवलेली होती, हे त्याला काय ठाऊक!

ती अंगठी हैबतराव सावळ्यांची. हैबतराव पातशाहीचे सरदार, पण कुळाचाराने आपल्यातलेच. गडावरच्या जांभळाईच्या देवळात त्यांच्या आजोबांनी नवस फेडलेले. त्यामुळे खोऱ्याची नवमी कशी असते, हे त्यांना पक्के माहीत होते. नवमीच्या सकाळी खोऱ्यातली एकूण एक तलवार, भाला आणि बंदूक देवीपुढे रचायची, पूजा बांधायची, आणि दसऱ्याचा सूर्य उगवून मानकऱ्याने पहिले हत्यार उचलेपर्यंत त्या राशीला कोणी बोटसुद्धा लावायचे नाही. दोन्हीकडे शत्रू पसरलेला असताना अख्खे राज्य एक दिवस नि:शस्त्र ठेवण्याची ही अक्कल जगात दुसऱ्या कोणाला सुचली नसती. पण जांभेरकरांना ती अक्कल आहे की खुळेपणा, हे विचारायची सोय नव्हती.

हैबतरावांच्या जासुदाने तोंडी निरोप दिला होता : नवमीच्या दुपारी अडसर निघालेला असावा, सातशे माणूस वर येईल, आणि संध्याकाळपर्यंत खोऱ्याची देशमुखी व पहिल्या हत्याराचा मान नाईकांच्या घरात परत जाईल. नाईकांनी निरोपाला होकार दिला नाही. अंगठी परत केली असती तर तो नकार झाला असता. तीही त्यांनी परत केली नाही.

देशमुखीचे त्यांना फारसे नव्हते. मानाचे होते. सात पिढ्या दसऱ्याला पहिले हत्यार नाईकांच्या घरातला वडील पुरुष उचलत आला होता. उठावात नाईकांनी आपले तीनशे घाटकरी शिपाई घातले, स्वतःचा थोरला मुलगा घातला. केदारराव देसायांनी अक्कल घातली, खलिते घातले, चौदा गावे एका सुतात ओवली. दोघांपैकी एक नसता तर राज्य झाले नसते. राज्य झाले, आणि स्थापनेच्या सभेत राजे झालेल्या केदाररावांनी शांतपणे सांगितले, “आता पहिले हत्यार राज्याच्या धन्याचे.” सभेने मान डोलावली. त्याच कागदात पुढे लिहिले होते, की दसरा उजाडण्याआधी, नवमीलाच, जो कोणी राशीतले पहिले हत्यार उचलील त्याचे घर मानातून आणि तो स्वतः शिवेतून कायमचा बाद. पुढे ज्यांनी उचलले त्यांचा दोषही त्याच्याच माथी. नाईकांना लिहिता येत नव्हते. त्यांनी खाली कट्यारीची निशाणी केली, घरी गेले आणि दोन दिवस जेवले नाहीत.

तेव्हापासून हे दोघे एका सदरेवर बसत, पण एकमेकांशी बोलत नसत.

सूर्य वर आला, धुके विरले, आणि देवळाच्या पटांगणात हत्यारांची रास माणूसभर उंच झाली. गुरवाने पूजा बांधली. केदारराव पाटावर बसले, दोन हातांवर नाईक, आणि मधे कारभारी त्र्यंबकपंत, ज्यांना त्या जागेचा वीट आला होता.

“पंत,” केदारराव म्हणाले, “नाईकांना विचारा, घाटदरवाजाचा बंदोबस्त चोख आहे ना?”

नाईकांनी ते स्वच्छ ऐकले होते, तरी पंतांनी मान वळवून तेच पुन्हा सांगेपर्यंत ते समोर बघत राहिले.

“पंत, राजांना सांगा, तो दरवाजा आमच्या सात पिढ्यांनी राखला. राजांच्या एका पिढीने त्याची चौकशी करू नये.”

“पंत, नाईकांना सांगा, पिढ्या मोजून राज्य चालत नाही. उद्या आम्ही पहिले हत्यार उचलू, तेव्हा नाईकांनी मागच्या रांगेत उभे राहावे. लोकांना शिस्त दिसली पाहिजे.”

पंतांनी हे वाक्य पुढे पोचवलेच नाही. पोचवायची गरजही नव्हती. भरल्या पटांगणात, आपल्याच घाटकऱ्यांसमोर, मागच्या रांगेत! नाईकांचा हात कमरेच्या गाठीवर गेला आणि तिथेच राहिला. अडसर भिंतीला आहे ते बरेच आहे, असे त्या क्षणी त्यांच्या मनात आले. आलेच होते, ते पुढे त्यांनी कधी नाकारले नाही.

दुपार कलली तेव्हा घाटाखालच्या बोरवडीच्या चौकीवरून काळा धूर उठला. पाठोपाठ शिंग वाजले आणि मधेच तुटले.

शिंग वाजवणारा कृष्णाजी होता, नाईकांच्या मेलेल्या मुलाच्या वयाचा, त्याच्याबरोबर वाढलेला. शिंग तुटले म्हणजे काय झाले, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. जोड्यांशिवाय ते पायऱ्यांवरून धावत सुटले.

“धाकू! अडसर! अरे, अडसर घाल!”

दोघातिघांनी मिळून अडसर खोबणीत लोटला तेव्हा पुढचे घोडेस्वार वळणावर दिसू लागले होते. क्षणात दारावर कुऱ्हाडी चालू झाल्या. बाहेरून हैबतरावांचा आवाज आला, “नाईक, ठरल्याप्रमाणे दार उघडा! उगाच लाकडाचे नुकसान कशाला?”

धाकूने नाईकांकडे पाहिले. ती नजर नाईकांना कुऱ्हाडीपेक्षा जड गेली. ते पुन्हा देवळाकडे चढू लागले.

पटांगणात चौदा गावांचे पुरुष रिकाम्या हातांनी उभे होते. राशीपुढे गुरव आडवा पडला होता, आणि केदारराव राशीपाशी हात पुढे करून थांबले होते.

“हैबतराव आहेत,” नाईक थेट त्यांनाच म्हणाले. “सातशे माणूस. घटकाभरात दार पडेल.”

“सातशे? एवढी नेमकी खबर नाईकांना कशी?”

नाईकांनी गाठ सोडली आणि अंगठी राशीपुढे टाकली. “तीन आठवडे ही माझ्या कमरेला होती. मी होय म्हटले नाही, पण नाहीही म्हटले नाही. सकाळी अडसर मीच घालू दिला नाही. बाकीचा न्याय उद्या करा.”

केदाररावांनी हात आणखी पुढे केला. “बाजूला व्हा. पहिले हत्यार मी उचलतो. मान माझा, दोषही माझा.”

“उचला! आणि उद्या शिवेबाहेर चालू लागा. कायदा तुमचाच आहे. मग ही चौदा गावे कोणाकडे बघतील? माझ्याकडे?” नाईकांचा आवाज चढला. “केदारराव, तुमचे तोंड बघून मला जेवण गोड लागत नाही. तुम्ही माझ्या बापजाद्यांचा मान खाल्लात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तुमच्यावाचून हे राज्य आठ दिवससुद्धा चालायचे नाही, एवढे मला कळते. माझ्यावाचून चालेल.”

आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी गुरवाला ओलांडून राशीच्या शेंड्यावरची तलवार उपसली.

खालच्या कुऱ्हाडींचे घाव पटांगणापर्यंत ऐकू येत होते. मग नाईक गरजले, “दोष माझ्या माथी पडला! आता काय पंचांग बघता? उचला!”

रास हां हां म्हणता रिकामी झाली. दार पडले तेव्हा आत शिरणाऱ्यांना काठ्या भेटायच्या होत्या, तिथे भाले भेटले. घाटाची ती अरुंद वाट चढणाऱ्याला कधीच धार्जिणी नव्हती. सूर्य टेकेपर्यंत हैबतराव मांडीत बाण घेऊन पालखीतून उतरणीला लागले, आणि त्यांची दीडशे माणसे वाटेवर राहिली. खोऱ्याची एकतीस गेली. नाईकांच्या खांद्यात भाल्याचे पाते मोडले होते. ते काढताना त्यांनी वैद्याला मनसोक्त शिव्या दिल्या.

दसऱ्याच्या सकाळी सदर भरली. केदाररावांनी स्थापनेचा कागद मागवला आणि दोन्ही हातांत धरला.

“हा आम्ही फाडतो,” ते म्हणाले. “अडसराची गोष्टही इथेच संपली. ज्यांनी राज्य वाचवले त्यांना राज्याबाहेर काढणारा कायदा आम्हांला नको.”

“फाडू नका,” नाईक म्हणाले. उठायला त्यांना दोघांचा आधार लागला. “आज माझ्यासाठी फाडाल, उद्या तुमच्या मेहुण्यासाठी फाडाल, आणि परवा पातशाहाच्या दरबारात आणि या सदरेत फरक राहणार नाही. शिवाय खरे सांगू? तुमच्या मेहेरबानीवर या खोऱ्यात जगायचे, हे मला जमायचे नाही.”

“नाईक, हा हट्ट आहे.”

“असेल. माझ्याजवळ आता तेवढाच आहे.”

केदाररावांनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी पंतांना हुकूम लिहायला सांगितला. घाटदरवाजा नाईकांच्या धाकट्या मुलाकडे राहिला. नाईक स्वतः शिवेतून बाद झाले, आणि पहिल्या हत्याराचा मान त्यांच्या घरात परत येण्याची वाट कायमची बंद झाली.

दुपारी शिलंगणाला चौदा गावे निघाली. वाजतगाजत सगळ्यांनी काळवतीपलीकडच्या शिवेचा धोंडा ओलांडला, आपट्याची पाने लुटली, आणि रीतीप्रमाणे तोंडे घराकडे फिरवली. एकटे सिदोजी नाईक, खांद्याला फडके बांधलेले, हातात साधी काठी, तसेच पुढे चालत राहिले. घाटकऱ्यांतली बायामाणसे रडू लागली. केदारराव पालखीतून उतरून धोंड्यापाशी येऊन उभे राहिले. नाईकांनी एकदाही वळून पाहिले नाही आणि केदाररावांनी एकदाही हाक मारली नाही.

माळाच्या टोकाशी ती आडवी आकृती दिसेनाशी झाली, तरी ते हलले नाहीत. शेवटी पंतांनीच भोयांना पालखी फिरवायला सांगितले.