द्वादशीचा जामीन

"दिवा इजायलाय तुमचा—"

कोकिळानं वळून पाहायच्या आत दोन तळहात तिच्या निरांजनाभोवती येऊन थांबले. श्रावणातली भुरभुर, गोदागंगेवरून येणारा गार वारा... आणि त्या हातांच्या आडोशाला ज्योत पुन्हा सरळ उभी राहिली. गंगाखेडच्या घाटावर ती रोज दिवा लावायची. पण असा आडोसा करायला आजवर कुणी थांबलं नव्हतं.

ज्योत स्थिर होती. हात मात्र थरथरत होते.

ती थरथर कोकिळानं लगेच ओळखली. शिंदी पिणं सोडलं तेव्हा तिच्या वडिलांचे, किशनरावांचे हात अगदी असेच थरथरायचे.

"कुठले तुमी?"

"पाथरीकडचा. भुजंग." तो पाण्याकडंच बघत होता. "हितं किशनराव म्हणून हायत म्हणं. त्यांच्या ओसरीत बैठक असती... म्हंजे... पिणं सोडलेल्यांची..."

"असती की. पण आज न्हाई."

"आज एकादशी हाय ना!"

"म्हणून तर न्हाई!" ती हसली. "एकादशीला कोण पितंय? त्या दिवशी समदेच साधू. उपास सुटला की खरं सांभाळायचं असतं. बैठक द्वादशीला."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे अजून एक दिवस काढायचा..."

"काढाल. परक्याचा दिवा जपला, सोताचा एक दिवस जपवंना व्हय?"

"तुमाला लय खात्री!"

"किशनरावांची लेक हाय मी," ती म्हणाली, आणि पदर सावरून पायऱ्या चढू लागली. वर पोचल्यावर मात्र... एकदा मागं बघितलंच तिनं.

दुसऱ्या दिवशी तो आला.

ओसरीत माणसं गोल करून बसली होती. पंधरवडा कसा गेला ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं, मधे कुणी बोलायचं नाही. सांगून झालं, की त्याच्या जामिनानं त्याच्या हातावर पारण्याचा पहिला घास ठेवायचा. जामीन म्हणजे घरचं माणूस. गडी प्याला, तर त्या दिवशी जामिनानं उपाशी राहायचं. किशनरावांची जामीन कोकिळाच होती, आई गेल्यापासून. पहिल्या वर्षी तिचे किती उपास घडले, ते ती कधी बोलत नसे. हल्ली एकही घडत नव्हता.

"तुमचा जामीन?" किशनरावांनी विचारलं.

"भावानं दारातूनच परत लावलं, मालक. दुसरं कुणी न्हाई."

"मग पायरीवर बसून ऐका. येत ऱ्हावा. पण घास न्हाई."

तो येत राहिला. मोटारीच्या धुळीनं माखलेला यायचा, न सांगता रांजण भरायचा आणि पायरीवर बसायचा. स्वयंपाकघराचं दार पायरीजवळच होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं... किंवा आलंही असेल.

"पायरी झिजली आमची," भाकरी थापता थापता कोकिळा म्हणायची.

"मग आत घ्या."

"जामीन आणा."

"कुठल्या बाजारात मिळतो?"

"पाथरीच्या मिळत न्हाई, एवढं ठाऊक हाय!"

आणि दोघंही हसू दाबायची— आत तवा, बाहेर गोपीचंदन लावलेली मंडळी!

पौषातली द्वादशी मात्र वेगळी निघाली. समदे बोलून झाल्यावर भुजंग पायरीवरच उभा राहिला. त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

"परवा बाजारात प्यालो," तो म्हणाला. "कुणी बघितलं न्हाई. तरी सांगायलोय."

आत कोकिळानं हातातली भाकरी तशीच दुरडीत ठेवली. वार साधा होता, व्रत कुठलंच नव्हतं. पण त्या दिवशी तिच्या घशाखाली घास उतरला नाही. देवापुढं बसली, तेव्हा तिला कळून चुकलं: गडी प्याला, आणि उपास आपल्याला घडला.

चैत्र आला. घाटावरचा लिंब मोहरला. भुजंगचा एकेक पंधरवडा स्वच्छ जात होता.

"अजून जामीन न्हाई ना?" द्वादशीच्या बैठकीत किशनरावांनी विचारलं.

"न्हाई, मालक."

"हाय!"

आवाज स्वयंपाकघरातून आला. समद्यांच्या माना वळल्या. कोकिळा दारात उभी होती. नजर खाली, पण आवाज ठाम.

"पौषात एक उपास घडलाय माझा त्यांच्यापायी."

किशनराव गडबडले. "पोरी... जामीन घरचाच लागतो."

"मग करा ना त्यांला घरचं."

बैठकीतले म्हातारे लिंबाजीकाका गुडघ्यावर थाप मारून हसले. "किशनराव, कायदा तुमीच केलता! भोगा आता!"

भुजंग चांगलाच लाजला होता. "न्हाई, ऐका... माझ्यापायी तुमी उपाशी... नको."

ती पुढं आली. हातात भाकरीचा घास, वर गुळाचा खडा.

"सोमवार, चतुर्थी, एकादशी... समदे उपास आनंदानं पाळती मी," ती हळू आवाजात म्हणाली. "हा एक मात्र मला पुन्हा धरायचा न्हाई. कबूल?"

त्यानं हात पुढं केला. घाटावर दिव्याभोवती धरलेला तोच हात. आता तो जराही थरथरत नव्हता.

"कबूल."

घास हातावर पडला. किशनरावांनी डोळे पुसले, घोंगडीवर थोडं सरकून बसले, आणि आपल्या शेजारची रिकामी जागा हातानं झटकली.

भुजंग पायरी चढून आत आला.