दुसरं पारडं

मी वजनकाटे तपासतो. दुकानातल्या छोट्या काट्यापासून ट्रक उभा राहतो त्या मोठ्या काट्यापर्यंत सगळे. माझ्या कामात एकच नियम आहे, आधी शून्य आणि मग वजन. पारड्यात काही नसताना काटा शून्यावर उभा राहत नसेल तर पुढचं सगळं खोटं. बायको माझी चेष्टा करायची. पाहुण्यांना सांगायची, "ह्यांना आमटी अळणी लागली तरी आधी जिभेचं शून्य तपासतील, मग मीठ मागतील." आता ती असं काही म्हणत नाही. का म्हणत नाही, तेच लिहितो आहे.

ती टॅक्सीच्या ऑफिसात फोनवर बसायची. दिवसभर बोलण्याचं काम, आणि घरी आल्यावरही तोंडाला विश्रांती नाही. मी मुळात घुम्या. तिच्या भावाच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या घरात दोघांचं मिळून बोलणं बरोबर होतं, फक्त वाटणी नीट झाली नव्हती. तिचा आवाज बसला तेव्हा आम्हाला वाटलं, फोनमुळे असेल. गुळण्या झाल्या, काढे झाले. मग घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं आणि मला एकट्याला बाहेर बोलावलं.

"जीव वाचेल," ते म्हणाले. "आवाज नाही वाचणार. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल."

मी तिला सांगितलं तेव्हा ती खिडकीशी जाऊन बसली. मग म्हणाली, "बरं झालं, तुमच्या कानांना आराम." आणि रडली. मी म्हणालो, "आपण तुझा आवाज ठेवून घेऊ."

कॉम्प्युटरमध्ये आवाज साठवला की तो आवाज राहत नाही, नुसते आकडे होतात. त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं एक यंत्र असतं, त्याला कन्व्हर्टर म्हणतात. फोनमध्येही असतं, पण दीडदमडीचं. त्यातून ऐकलं तर ती डब्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटे. मला ती समोर बसून बोलते आहे असं ऐकू यायला हवं होतं. माझ्या मेव्हण्याला, म्हणजे तिच्या धाकट्या भावाला, असल्या गोष्टींचा नाद आहे. त्यानेच सुट्ट्या भागांचा संच मागवून दिला. हिरवा बोर्ड, पुड्यांतून रेझिस्टर आणि कपॅसिटर, एक ट्रान्सफॉर्मर, आणि नखाएवढी चिप. चिपचे पाय इतके बारीक होते की भिंग लावूनही दोन पाय सोल्डरने एकमेकांना चिकटायचे. मी श्वास रोखून एकेक पाय टेकवत होतो. ऑपरेशनची तारीख ठरली होती.

ती दारात येऊन उभी राहायची. "झालं का तुमचं?"

"होतंय."

दिवसातून कितीदा तरी हेच. मी वर बघायचोही नाही.

मधल्या काळात आम्ही तिचा आवाज साठवत होतो. ती पलंगावर पाय दुमडून बसायची, पुढ्यात माइक. काय बोलू, काय बोलू करत सुरू व्हायची आणि मग थांबायची नाही. गॅस बंद केला का ते दोनदा बघत जा. निळा शर्ट इस्त्रीला टाकू नका, कॉलर विरली आहे. शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल काही सांगू नका, त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आवाज जाड झाला होता, मध्येच फाटायचा, पण तिचाच होता. एकदा बोलता बोलता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही पण बोला ना काहीतरी. एकटीच किती बडबडू?"

माझा आवाज मध्ये आला असता तर तिचा बिघडला असता. मी ओठांवर बोट ठेवलं. ती हसली आणि पुढे बोलू लागली.

यंत्र पुरं झालं. स्पीकर जोडले. काही न लावता ऐकलं तर अगदी बारीक फुसफुस येत होती. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तेवढं राहू द्या. असतंच ते. कान लावल्याशिवाय कळतसुद्धा नाही."

पण मला कळत होतं. पारडं रिकामं आणि काटा हललेला. बोर्डावर एक इवलासा स्क्रू होता. मेव्हणा गेल्यावर मी मीटर लावून तो केसभर केसभर फिरवत राहिलो. फुसफुस कमी कमी होत गेली. मग मीटरने नुसतं शून्य दाखवलं. मी स्पीकरला कान लावला. काही नव्हतं. इतकं काही नव्हतं की कान दुखायला लागला आणि मी मागे सरलो.

तिच्या आवाजाला हात लावण्याआधी तपासणी करायची म्हणून मी भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक साठवली आणि यंत्रातून लावली. अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवायची, ही माझी सवय. टिकटिक अशी आली की मी वळून भिंतीकडे बघितलं. मन भरून आलं. वाटलं, जमलं. तिचा आवाज राहील.

संध्याकाळी ती म्हणाली, "घड्याळ बंद पडलं का हो?"

काटे फिरत होते, वेळ बरोबर होती. मी सेल बदलला, घड्याळ खाली काढून कानाला लावलं. मागचं झाकण काढल्यावर आत चाकं फिरताना दिसत होती, आवाज नव्हता. जुनं झालंय, असं मी तिला सांगितलं.

पण एकदा झालं तर योगायोग, आणि दुसऱ्यांदा तपासल्याशिवाय काटा बाद करायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात रक्त द्यायला गेली असताना मी स्वयंपाकघरातला मोठा डाव घेतला, फरशीवर टाकला, तो खणखणाट साठवला आणि यंत्रातून लावला. स्पीकरमधून डाव पडला. मग मी खरा डाव उचलला आणि पुन्हा टाकला.

तो फरशीवर आपटला, उडाला, गोल फिरला आणि थांबला. कसलाही आवाज झाला नाही.

मी तिथेच खाली बसलो. मी देवभोळा माणूस नाही, भुताखेतांच्या गोष्टी ऐकून जांभया देणारा आहे. पण एका पारड्यात काही आलं तर ते कुठून तरी आलेलं असतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी शून्य लावलं होतं, आणि दुसरं पारडं कुठे आहे ते बघितलं नव्हतं.

त्या स्क्रूला मी पुन्हा हात घातला. मागे फिरवला, पुढे फिरवला. मीटर शून्यच दाखवत राहिला.

यंत्राच्या वायरी काढून मी ते झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. मोडून का टाकलं नाही? कारण डॉक्टर म्हणाले होते, आवाज नाही वाचणार. स्वरयंत्रच गेल्यावर तिच्या पारड्यातून जाण्यासारखं काय उरणार होतं? तेव्हा लावायचं. तोपर्यंत नाही. मला हा हिशेब पक्का वाटला.

"झालं का तुमचं? लावा की माझा आवाज, ऐकू तरी द्या."

"होतंय," मी म्हणालो.

"तुमचं होईपर्यंत मी मुकी होणार." हे ती हसत म्हणाली. मी तोंड फिरवलं.

ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवरून जाताना तिने माझं बोट धरलं. "मी बाहेर आले की काही विचारू नका. मला उत्तर देता येणार नाही." हे तिच्या तोंडून आलेलं शेवटचं वाक्य. मेव्हणा बाहेर बसला. नर्स मला म्हणाली, पुष्कळ वेळ लागेल, घरून त्यांची शाल घेऊन या, आत गारठा असतो.

घरी आलो. घड्याळ मुकं, जिने चढताना शेजारीपाजारी कुणी नाही. पलंगावर तिची शाल घडी करून ठेवलेली होती, वर चष्मा. मला ते घर सहन होईना. एव्हाना कापलं असेल, मी मनाशी म्हणालो. एव्हाना तो आवाज एका ताटलीत पडला असेल. आता तिकडे काही नाही. मला तिला ऐकायचं होतं, त्याच क्षणी, नाहीतर मी तिथे वेडा झालो असतो.

मी यंत्र काढलं, जोडलं, लावलं.

"काय बोलू, काय बोलू," ती म्हणाली.

ती खोलीतच होती. आवाज जाड नव्हता, फाटत नव्हता. लग्नाआधी पहिल्यांदा फोनवर ऐकला होता तसा. मी जमिनीवर बसून ऐकत होतो आणि रडत होतो. गॅस दोनदा बघा. निळा शर्ट. शेजारच्या काकू. तुम्ही पण बोला ना काहीतरी. मी शेवटपर्यंत ऐकलं.

फोन वाजला. मेव्हणा होता. त्याला बोलताना दम लागत होता.

"भाऊजी, आवाज वाचला. उघडून बघितल्यावर गाठ लहान निघाली. तेवढीच काढलीय त्यांनी, स्वरयंत्र तसंच ठेवलंय. थोड्या दिवसांत ताई बोलायला लागेल. भाऊजी? ऐकताय ना?"

मी ऐकत होतो.

जखम भरली. नळी निघाली. डॉक्टरांनी कॅमेऱ्यातून आम्हाला पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ येत होत्या, थरथरत होत्या, दूर होत होत्या. "बघा, सगळं व्यवस्थित आहे," ते म्हणाले. "आ म्हणा." तिने आ केला. पट्ट्या थरथरल्या. खोलीत काहीही ऐकू आलं नाही. डॉक्टरांनी पडद्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, मनाचाही भाग असतो, व्यायाम करत राहा. ती माझ्याकडे बघत होती. मी माझ्या पायांतल्या जोड्यांकडे बघत होतो.

ती रोज व्यायाम करायची. मन लावून, ओटा पुसता पुसता. आ, ई, ऊ. एक, दोन, तीन. नुसते ओठ हलताना दिसायचे. मी तिला काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार होतो?

एका दुपारी ती स्वयंपाकघरात होती आणि मी झोपायच्या खोलीत कपडे घड्या करत होतो. कपाटातून कुणीतरी म्हणालं, "आ. ई. ऊ."

मी दार उघडलं. त्या सकाळनंतर मी यंत्र परत ठेवलं होतं तिथेच होतं, शेजारी स्पीकर. वायर गुंडाळून वर ठेवलेली. "एक. दोन. तीन," स्पीकर म्हणाला. मी मान लांब करून स्वयंपाकघरात बघितलं. तिचे ओठ चारवर होते. "चार," कपाट म्हणालं.

मी तिला हाताला धरून आणलं. आधी ती घाबरली. मग तिने हळूच ओठ हलवले, आणि कपाटातून आलं, "अगं बाई." तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती हसायला लागली. हसणंही तिथूनच येत होतं.

त्या दिवशी आम्ही कपाटासमोर जमिनीवर ताटं घेऊन जेवलो. ती बोलत होती, इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बोलत होती, आणि मी कपाटातून येणाऱ्या त्या आवाजाला हं हं करत होतो. मी तिला सगळं सांगून टाकलं. स्क्रू, घड्याळ, डाव, शाल आणायला आलो ती सकाळ. तिने ताट बाजूला सारलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "असू दे. कुठे का असेना, आहे ना?" मला वाटलं, देवाने पदरात घातलं. दमून ती तिथेच सतरंजीवर आडवी झाली आणि तिला झोप लागली. मी ताटं उचलायला उठलो.

"गॅस बंद केला का?" ती म्हणाली.

"केला," असं म्हणायला मी वळलो. तिचे डोळे मिटलेले होते. ओठ मिटलेले होते. श्वास संथ चालला होता.

"निळा शर्ट इस्त्रीला टाकू नका."

हे साठवलेलंच असेल. मी स्वतःला तेच सांगितलं. शिल्लक राहिलेलं असेल.

"शाल आणायला गेलात," कपाट म्हणालं, "आणि मला तिथे एकटीला ठेवून आलात."

हे तिने कधीच साठवलं नव्हतं.

मी ताटं खाली ठेवली. तिच्या खांद्याला हात लावला. ती गाढ झोपेत कुशीवर वळली. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आतून, अगदी तिच्याच प्रेमाने, तिच्याच रोजच्या सुरात आलं, "झालं का तुमचं?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं, पण ते दिलं की माझाही आवाज त्या पारड्यात जाईल असं वाटलं.

"मग बोला ना काहीतरी. इथे एकटीच किती बडबडू?"

उतरतं ऊन पलंगापर्यंत आलं आहे. ती अजून उठलेली नाही. मी सतरंजीच्या कडेला हे लिहितो आहे, डावा हात तोंडाशी आहे, बोट ओठांवर. कपाटात ती थांबून थांबून विचारते, आणि दर वेळी माझ्या उत्तराची वाट बघते.