सहादेवचा आरसा

यातलं एक अक्षर मी पदरचं घातलेलं नाही. खोटं वाटत असेल तर नगरला या. माझा मामा आसाराम अजून आहे. फक्त त्याच्या घरी आरशाचं नाव काढू नका.

साल शहाण्णव. मार्च संपत आलेला. रस्ता श्रीगोंद्याहून जामखेडला जाणारा.

मामा नगरच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर होता. नाव सांगत नाही, कंपनी अजून चालू आहे. श्रीगोंद्याला साखर भरायची, जामखेडला उतरवायची, येताना मिळेल तो माल आणायचा.

त्या वर्षी शेठनं एक कोरी करकरीत गाडी घेतली. सगळ्यांत जुना ड्रायव्हर मामा. गाडी आपल्यालाच मिळणार म्हणून त्यानं घरी पेढे आणून ठेवले.

शेठनं किल्ली दिली सहादेवला!

सहादेव काल आलेला पोरगा. ताडमाड उंच, हसरा. मामा बुटका. त्या दिवसापासून मामाला अन्न गोड लागेना. पेढे मुंग्यांनी खाल्ले.

जिथं जावं तिथं तीच गाडी. वजनकाट्यावर पुढं तीच, पंपावर शेजारी तीच. आणि वरून सहादेवचा हसत हलवलेला हात... मामाची नुसती आग आग व्हायची.

मामी म्हणायची, "अवो, जेवा की. गाडी काय ताटात हाय का?"

"तू गप. ती माझी गाडी हाय."

आता त्यांच्या यार्डातली एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे गेली, की जुन्या ड्रायव्हरनं बाजूचा आरसा स्वतःच्या हातानं फिरवायचा आणि म्हणायचं, "घे, चालव." तोवर गाडीवर जुन्याचीच नजर राहते, असं सगळे मानायचे. शेठसुद्धा.

होळीनंतर सहादेवला कावीळ झाली. श्रीगोंद्यात रस्त्याकडेलाच त्याचं घर. तो अंथरुणाला खिळला आणि गाडी यार्डात उभी राहिली.

मामा शेठकडे गेला. "शेठ, गाडीचं काय लोणचं घालायचं का? आना ती किल्ली."

"अरे, सहादेवनं आरसा कुठं फिरवलाय?"

"फिरवील की बरा झाल्यावर. माल काय थांबतोय व्हय?"

शेठनं किल्ली दिली. मामानं आरसा स्वतःच खाली वळवला.

एवढ्यावर थांबला असता तर...

पण नाही. श्रीगोंद्यातून जाताना त्यानं सहादेवच्या दारासमोर गाडी हळू केली आणि हॉर्न दाबून धरला. मुद्दाम. जळू दे त्यालाही!

दार उघडलं.

सहादेव बाहेर आला. पिवळाधमक. एक हात वर चौकटीला टेकवून उभा राहिला. नुसता गाडीकडे बघत राहिला.

त्याच आठवड्यात तो गेला.

मामाला वाईट वाटलं का? मामी सांगते, पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. आता गाडी कायमची आपली.

मग सुरू झालं...

कडा गावाच्या पुढं मामा चहाला उतरला. परत येऊन बसला, तर आरशात मागचा रस्ता दिसेना. नुसतं आभाळ.

आरसा वर वळलेला होता. उंच माणसाला लागतो तसा.

कुणीतरी धक्का दिला असेल, म्हणून त्यानं खाली केला. डिझेल भरून आला, तर पुन्हा आभाळ. त्यानं पाना घेऊन नट आवळला. वर तार गुंडाळली.

दुसऱ्या खेपेला जेवून आला. तार तशीच होती. नट तसाच होता.

आणि आरशात... आभाळ.

मामाचं डोकं फिरलं. "मेलास तरी सोडंना व्हय रे! बघतोच काय दिसतं तुला!"

दिवेलागणीची वेळ. जामखेड जवळ आलं होतं. त्यानं बुडाखाली पोतं घेतलं, उंच बसला आणि चालत्या गाडीतून सहादेवच्या उंचीवरून आरशात बघितलं.

मागं रिकामा रस्ता होता.

फक्त रस्त्याच्या मधोमध एक माणूस होता. हात वर टेकवलेला...

टेकवायला तिथं चौकट नव्हती.

मामानं गाडी दामटली. झाडं मागं पडली. मैलाचा दगड मागं पडला.

माणूस लहान होईना.

मामानं गाडी कडेला घातली, किल्ली बोनेटवर टाकली आणि मागं न बघता जामखेडपर्यंत पळत सुटला. तापानं फणफणत एसटीनं घरी आला.

गाडी पुढं शांतवन नावाच्या ड्रायव्हरला मिळाली. तो शहाणा. आधी सहादेवच्या बायकोला, जयमालाला, यार्डात घेऊन आला. तिनं डोळे पुसत आरसा फिरवला आणि म्हणाली, "घ्या, चालवा." शांतवननं ती गाडी कितीतरी वर्षं चालवली. आरसा कधी हलला नाही.

मामाही सुटकेचा निःश्वास टाकून आपल्या जुन्या गाडीवर गेला. सहादेव त्या गाडीत कधीच बसला नव्हता.

मामा सीटवर बसला. आरशात बघितलं...

आभाळ.

तसाच उतरून तो जयमालाकडे गेला. पाया पडायला लागला. "ताई, माझ्या गाडीचा बी आरसा फिरवा."

ती मागं सरकली. "दादा, ती गाडी त्यांची हुती, म्हनून मी फिरवला. तुमच्या आरशाला मी कशी हात लावू? तुमी त्यांचं मागितलं न्हाई, घेतलं. आता त्यांनी तुमचं घेतलं आसंल."

मामानं ड्रायव्हरकी सोडली.

गेल्या दिवाळीत मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. सकाळी मामा दाढीला बसला. भिंतीवरचा आरसा त्याच्या तोंडासमोरच टांगलेला आहे, पण मामा नुसत्या हातानं चाचपत दाढी करत होता. गालावर दोन जागी कापलेलं.

मी वाकून त्याच्या डोक्यामागून आरशात बघितलं. वरचे पत्रे दिसत होते.

"मामा, थांब की, सरळ करून देतो," म्हणत मी आरसा खाली केला. त्यात मामाचा चेहरा दिसला. मामानं पटकन मान वळवली.

"कशाला हात लावलास?" एवढंच म्हणाला.

मामीनं चहाला हाक मारली. मी दारापर्यंत गेलो आणि मागं वळलो. खोलीत मामा एकटाच होता, भिंतीकडे पाठ करून बसलेला.

आरशात पत्रे दिसत होते.